अंत्यविधी समजून घेताना : मयताच्या घराला काय हवं असतं



आजचं भाषण मांडव्याहून. समोर बसलेत ते इथलेच, मांडवा, सासवणे, आवास, झिराड या बाजूचे लोक. आणि पडद्यावरून ऐकणारे नेहमीप्रमाणे कुठून कुठून. मधेच बंदरावरून लाँचचा भोंगा ऐकू आला तर चालवून घ्या.

तिन्हीसांजेला मयताच्या गोष्टी काढू नयेत, असं आमची आई म्हणायची. तिची माफी मागून सुरुवात करतो.

विषय निघाला तो असा. काही दिवसांपूर्वी आपल्या एका नियमित श्रोत्याचा फोन आला. वडील जाऊन चार दिवस झाले होते. थोरल्या भावाला दहावा-तेरावा सगळं यथासांग हवं, धाकटी बहीण म्हणते हे थोतांड आहे, आणि मधला हा आम्हाला विचारतोय, "सर, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत. करायचं की नाही करायचं?" आम्ही अर्धा तास बोललो. नचिकेत काढला, चार्वाक काढला, आत्मा आहे-नाही सगळं झालं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की त्याने विचारलं होतं 'आम्ही आता काय करू?' आणि आम्ही सांगत बसलो 'मेल्यावर काय होतं?' त्याचं राहिलेलं उत्तर आज द्यायचं आहे.

या बाबतीत आपल्याकडे जुने दोन पक्ष. एक म्हणतो, हे सगळं मृतासाठी. पिंडदान झालं नाही तर त्याला गती नाही. दुसरा चार्वाकाचा. इथे श्राद्धात जेवू घातलेलं परलोकी पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्या माणसाला शिदोरी कशाला बांधून द्यायची? घरीच कुणाला तरी जेवायला बसवा, त्याचं पोट तिकडे भरेल. हा युक्तिवाद आम्ही वर्गात तीस वर्षं सांगितला आणि दर वर्षी मुलं हसली. युक्तिवाद पक्का आहे, आजही आम्हाला तो खोडता येत नाही. पण गंमत बघा, दोन्ही पक्षांचं भांडण मेलेल्या माणसावरून आहे. घरात मागे जी चार माणसं भिंतीला टेकून बसलीत, त्यांच्याविषयी दोघेही बोलत नाहीत.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची लाँच पकडायची आहे त्यांना उठता येईल. (हशा) ज्या घरात माणूस गेलंय, त्या घरावर त्या दिवशी निवड करायची वेळ आणू नये. त्याला काम द्यावं. अंत्यविधी ही मुळात कामाची वाटणी आहे, आणि आजच्या घरांची बरीचशी फरपट होते ती काम हातातून जाऊन निवडी वाट्याला आल्यामुळे.

हे आम्हाला पुस्तकात मिळालेलं नाही. २०१९ च्या जुलैमध्ये आमच्या पत्नीचं मुंबईत एका रुग्णालयात निधन झालं. जुलै म्हणजे इथल्या लोकांना सांगायला नको. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद, आणि गाड्या नेणारी रो-रो तेव्हा सुरू झालेली नव्हती, ती आली मार्च २०२० मध्ये. म्हणजे तिला गावी आणायचं तर पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, अलिबाग असा सगळा वळसा, भर पावसात, वडखळच्या त्या खड्ड्यांतून. मुलगा कॅनडात, मुलगी पुण्याहून निघालेली. आम्ही पाच मिनिटांत ठरवून टाकलं: मुंबईतच, विद्युतदाहिनीत, विधी काही नको. विवेकवादी माणसाला शोभेल असं. सगळं नीट पार पडलं, कुणाला काही त्रास झाला नाही. शववाहिका वेळेवर आली, दोन माणसं आली, त्यांनी उचललं, त्यांनी ठेवलं. आम्ही बाजूला उभे. दोन तासांत संपलं.

तिसऱ्या दिवशी मांडव्याला आलो. अंगणात पंधरा-वीस माणसं पावसात उभी. शेजारची एक कोळीण, आमच्या पत्नीची चाळीस वर्षांची मैत्रीण, ओट्यापाशी येऊन म्हणाली, "सर, आमाला काय करूच दिला नाय तुमी." एवढंच. रडलीसुद्धा नाही. ती रागावली होती.

तेव्हा आम्हाला ते नीटसं कळलं नव्हतं. आता कळतं, म्हणून तुमच्यासमोर बोलतोय.

ती काय करणार होती? बघा, जुन्या पद्धतीत मयत झालं की गाव काय करतं. कुणालाही न विचारता एक जण बांबू तोडायला जातो, दुसरा कामट्या आणि सुतळी आणतो, दोघं तिरडी बांधायला बसतात. लाकडं रचायची ती तिसऱ्याच कुणाकडे; पावसाळ्यात तर कोरडी लाकडं कुणाच्या पडवीत आहेत हे त्यालाच माहीत असतं. एका चितेला तीन-साडेतीनशे किलो लाकूड लागतं, त्यावर शेणी, रॉकेल, आणि वर पाऊस. हे सोपं काम नाही. बायका आंघोळ घालतात, लुगडं नेसवतात, सवाष्ण असेल तर मळवट भरतात. घरातली चूल पेटत नाही, म्हणून शेजारून पिठलं-भात येतो. कुणीतरी घरातल्या म्हाताऱ्याजवळ नुसतं बसून राहतं. रात्री भजनी मंडळी येतात. घरच्या माणसाला कुणी विचारत नाही, 'काय काय हवं?' त्याच्या हातात मडकं देतात आणि म्हणतात, 'चल.' तो चालतो. त्या दिवशी चालता येणं, हीच मोठी गोष्ट असते.

इथे एक अडचण सांगितली पाहिजे, नाहीतर आमचं बोलणं म्हाताऱ्याच्या आठवणी होईल. या वाटणीत सगळ्यांना काम होतं हे खरं, पण काही कामं मानाची होती आणि काही लादलेली. गावोगाव पायी जाऊन मयताची वर्दी पोचवायची आणि सरपण वाहून आणायचं, हे महार समाजाच्या माथी बलुतं म्हणून मारलेलं काम होतं. त्यांच्यावरच्या असल्या सगळ्या सक्तीविरुद्ध बाबासाहेब याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडला १९२७ मध्ये उभे राहिले. आणि आजही महाराष्ट्रात अनेक गावांत स्मशानं जातवार वेगळी आहेत. कुणाच्या स्मशानाला पत्र्याची शेड आणि डांबरी रस्ता, कुणाला पावसात चिखल तुडवून ताडपत्री धरावी लागते. 'आमच्या गावात सगळे मिळून करतात' असं कुणी म्हणालं, की आम्ही एवढंच विचारतो, सगळे म्हणजे कोण?

तेव्हा जुनं जसंच्या तसं परत आणा, असं आम्ही म्हणत नाही. काम सुटलं की त्या जागी काय येतं, तेवढं बघायला सांगतोय.

आता पहिल्या काही तासांबद्दल. हे थोडं कोरडं आहे, पण लिहून घ्या. रडत असताना हे सुचत नाही.

मृत्यू घरी झाला, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बोलवायचं. मृत्यूचं कारण लिहिलेलं प्रमाणपत्र त्यांनी द्यायचं असतं आणि कायद्याने त्याची फी घ्यायची नसते. बुडून, अपघातात, सर्पदंशाने, भाजून किंवा आत्महत्येने मृत्यू झाला असेल, तर आधी पोलीस, मग शवविच्छेदन. किनाऱ्यावर बुडण्याचे प्रसंग येतात. पोलीस प्रश्न विचारतात तेव्हा घरच्यांना वाटतं, आमच्यावर संशय घेतायत. तसं नसतं, तो त्यांना करावाच लागणारा तपास आहे. घरातल्या कुणीतरी शांत माणसाने, जावयाने, चुलतभावाने ही बाजू धरावी. मुलाला तिथे पाठवू नये.

नोंदणीचा कायदा १९६९ चा. मृत्यूची खबर एकवीस दिवसांत द्यायची. गावात ती ग्रामपंचायतीत. नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथली. माणूस मांडव्याचा, पण मुंबईच्या रुग्णालयात गेला, तर नोंद मुंबईला. आमच्या ओळखीतली तीन घरं तरी यासाठी ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून आली. नाव आधार कार्डावर, बँकेत आणि सातबाऱ्यावर जसं आहे तसंच नोंदवलं जातंय ना, हे त्याच वेळी तपासा. 'दत्तात्रय' आणि 'दत्तात्रेय' यांतल्या एका मात्रेपायी वारसनोंदी अडून राहतात. पहिली प्रत मोफत मिळते, पण चार-पाच प्रती घेऊन ठेवा. उशीर झाला तर विलंब शुल्क, मग परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश.

नेत्रदान करायचं असेल तर साधारण सहा तासांच्या आत. आधी फॉर्म भरलेला नसला तरी घरच्यांच्या संमतीने होतं, आणि नेत्रपेढीची माणसं घरी येतात. तोवर डोळे मिटून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा. देहदानाला शवविच्छेदन झालेला देह सहसा घेत नाहीत, आणि घेणारं वैद्यकीय महाविद्यालय कुठलं हे आधी विचारून ठेवलेलं असावं लागतं.

थांबायचं की नाही, हा एक मोठा वादाचा मुद्दा. मुलगी दुबईहून येतेय, किती वेळ थांबायचं? आमचं मत सांगतो. बर्फाची पेटी मिळत असेल तर एक दिवस थांबा. 'मृताला ताटकळत ठेवू नये' असं वडीलधारे म्हणतील. पण ज्याला चेहरा बघायला मिळाला नाही, तो पुढे वर्षानुवर्षं दार वाजलं की वर बघतो. आमचा मुलगा अजून बघतो. त्याने तेव्हा स्वतःच सांगितलं होतं, "बाबा, थांबू नका." आम्ही ते ऐकलं. असं ऐकायचं नसतं.

आता दहा दिवस. हा आमच्या दृष्टीने या सगळ्यातला सर्वांत खोल भाग आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

रोबेर हर्ट्झ नावाचा एक फ्रेंच अभ्यासक होता. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये मारला गेला, वय तेहेतीस. त्याने १९०७ मध्ये मृत्यूवर एक मोठा निबंध लिहिला. बोर्निओतल्या दायाक लोकांत प्रेत आधी तात्पुरतं ठेवतात आणि पुष्कळ दिवसांनी, अस्थी उरल्यावर, दुसरा मोठा विधी करून कायमचं ठेवतात. हर्ट्झ म्हणतो, या मधल्या काळात तीन गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात. देह बदलत असतो, आत्मा ना इथला ना तिथला असा भटकत असतो, आणि मागे राहिलेली माणसंही समाजाच्या धड आत नाहीत, धड बाहेर नाहीत. तिन्हींचा प्रवास एकदम संपतो. मृत्यू ही समाजाच्या दृष्टीने एका क्षणाची घटना नाहीच, त्याला वेळ लागतो.

हे वाचलं आणि आम्हाला आपलं सुतक आठवलं. गरुडपुराणात म्हटलंय, की दहनानंतर दहा दिवस रोज जो पिंड देतात, त्याने मृताचा नवा सूक्ष्म देह एकेक अवयव करून घडत जातो. आज डोकं, उद्या गळा-खांदे, असं करत दहाव्या दिवशी पुरा होतो. आता हे खरं मानायचं की नाही ते तुम्ही ठरवा, आम्ही मानत नाही. पण त्याच दहा दिवसांत घर काय करत असतं पाहा. पहिल्या दिवशी उठून बसणं. तिसऱ्या दिवशी राख सावडायला जाणं, म्हणजे पुन्हा त्या जागी पाय ठेवणं आणि जे उरलंय ते स्वतःच्या हाताने गोळा करणं. मग कुणीतरी विचारतं, बँकेची पुस्तकं कुठायत. कुणीतरी कपाट उघडतं. पाचव्या-सहाव्या दिवशी कुणाला तरी एकदम हसू येतं, गेलेल्याच्याच एखाद्या खोडीवरून, आणि सगळे हसतात, मग गप्प होतात. अवयव एकेक करून जोडला जातोय तो घराचा.

सुतकाकडे आपण विटाळ म्हणून बघतो, आणि त्यातला शिवाशिवीचा भाग टाकून द्यावा असाच आहे. पण त्याची दुसरी बाजू ही, की दहा दिवस या माणसाकडून कशाची अपेक्षा करायची नाही. लग्नाला बोलवायचं नाही, देवळात उभं करायचं नाही, दाढी का केली नाही म्हणून विचारायचं नाही. आज कचेरीत तीन दिवसांची रजा मिळते आणि चौथ्या दिवशी वरिष्ठ म्हणतात, 'बरं आहात ना आता?' त्यापेक्षा सुतक बरं असं आम्हाला कधी कधी वाटतं.

हे फक्त आपल्यातच आहे असंही नाही. याच किनाऱ्यावर, इथून फार लांब नाही, नौगावला बेने इस्रायली लोकांची जुनी दफनभूमी आहे. त्यांच्या परंपरेप्रमाणे जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि बुडालेल्यांना तिथे पुरलं. आपले शनवार तेली ते हेच. ज्यू धर्मात सात दिवस घरात बसायचं, मग तीस दिवसांचा हलका दुखवटा. कोकणी मुसलमानांत दफन शक्य तितक्या लवकर, दुखवटा तीन दिवसांचा, पण विधवेला चार महिने दहा दिवस. रेवदंड्यापलीकडे कोर्लईला ख्रिस्ती घरांत महिन्याने मिस्सा असते. आकडे वेगळे, पण प्रत्येकाने आकडा दिलाय. 'वाटेल तितके दिवस रडा' असं कुणी म्हटलेलं नाही, आणि 'उद्यापासून कामाला लागा' असंही नाही.

जाता जाता एक. शोकाच्या पाच पायऱ्या असतात, नकार, राग वगैरे, हे आता व्हॉट्सअॅपवर सगळ्यांना माहीत झालंय. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांचं ते पुस्तक १९६९ चं, आणि त्या पायऱ्या त्यांनी मांडल्या होत्या त्या मरणाला टेकलेल्या रुग्णांविषयी. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवलं गेलं. तेव्हा तुम्हाला राग आलाच नाही किंवा आधी स्वीकार आणि मग राग आला, तर आपलं काही चुकतंय असं समजू नका.

आता कावळा.

आमच्या मुलीने आग्रह धरला म्हणून दहावा मांडव्यालाच केला. आम्ही 'तुला हवा तर कर' असं जरा तोऱ्यातच म्हणालो. किनाऱ्यावर पाऊस भुरभुरत होता. पिंड ठेवले, सगळे मागे सरकून उभे राहिले. कावळे होते, माडावर बसले होते, पण येईनात. अर्धा तास, पाऊण तास. चार्वाक शिकवलेला हा माणूस छत्री धरून कावळ्याची वाट बघत उभा. सांगायला लाज वाटत नाही, आम्ही मनातून खरोखर म्हणत होतो, ये रे बाबा.

मग रीतीप्रमाणे कुणीतरी म्हणालं, काही राहिलं असेल तर बोला, तिचा जीव कशात अडकलाय बघा. मुलगी पुढे झाली. म्हणाली, "आई, बाबांच्या गोळ्या मी बघीन." तरी नाही. मुलगा फोनच्या पडद्यावर होता, तिकडे रात्र होती त्याची. तो म्हणाला, "आई, मी ताईशी बोलत नव्हतो ते आता बोलेन." आम्हाला तर हे माहीतच नव्हतं, की दोन वर्षं भावंडांत अबोला आहे. ती कोळीण म्हणाली, "मी सरांकरं मासली पाटवीन, तू काय काळजी करू नको." शेवटी आम्हीही काहीतरी बोललो. ते इथे सांगत नाही.

कावळा आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आणि विधी पुरा झाला.

पण आता विचार करा, काय घडलं. चार माणसांनी चार शब्द दिले, सगळ्या गावादेखत. घरात, जेवणाच्या टेबलाशी बसून आमच्या मुलाने हे कधी म्हटलं असतं? कावळा येत नाही हीच त्या विधीची युक्ती आहे असं आम्हाला वाटतं. लगेच आला असता तर कुणाला काही बोलावं लागलं नसतं. या विधीतून आत्म्याविषयी काही सिद्ध होत नाही, आणि ते मुलीलाही माहीत होतं, ती डॉक्टर आहे. तरी तिने तो केला. आम्ही तिला नंतर विचारलं, तुझा विश्वास आहे का? म्हणाली, "बाबा, विश्वासाचं काय त्यात? आईसाठी काहीतरी करायचं राहिलं होतं."

तर त्या फोनवरच्या श्रोत्याला उत्तर द्यायचं झालं तर असं. दहावा धार्मिक पद्धतीने करा किंवा करू नका, तो तुमच्या श्रद्धेचा प्रश्न. पण दहाव्या दिवशी एकत्र या, मोकळ्या जागी या, आणि प्रत्येकाने मोठ्याने काहीतरी कबूल करा. बहिणीला पिंड नको असतील तर ती झाड लावील. थोरल्याला हवे असतील तर त्याला ठेवू द्या. फक्त 'दोघांचं पटत नाही म्हणून काहीच नको' हे करू नका. आम्ही तेच केलं होतं, मुंबईत.

विकत मिळणाऱ्या सेवांविषयी थोडंच बोलतो. मुंबई-पुण्यात आता एक फोन केला की तिरडीपासून गुरुजींपर्यंत, शववाहिकेपासून तेराव्याच्या जेवणापर्यंत सगळं ठरीव रकमेत मिळतं. त्यात वाईट काही नाही. घरात दोनच माणसं, दोघं सत्तरीचे, मुलं परदेशी. त्यांनी काय करावं? सेवा घ्यावीच. पण घेताना दोन गोष्टी. घरातल्या सर्वांत शांत माणसाने दर लेखी विचारावा, आणि तो माणूस मुलगा किंवा पत्नी नसावा. 'शेवटचंच आहे, चांगलं करू' या एका वाक्यावर लोक कर्ज काढतात. तेराव्याची पाचशे पानं उठवायला कुठल्याही शास्त्राने सांगितलेलं नाही. आणि दुसरं, सगळं विकत घेऊ नका. एक तरी काम हातात ठेवा. आंघोळ घालणं ठेवा, खांदा ठेवा, राख सावडणं ठेवा. जे हाताने केलं ते लक्षात राहतं, आणि त्याचा पुढे आधार वाटतो.

इथे आम्हाला सॉक्रेटिस आठवतो. प्लेटोने लिहिलंय, विष प्यायच्या आधी तो स्वतः आंघोळ करून आला. का, तर नंतर बायकांना प्रेत धुवायचा त्रास नको. क्रीटोने विचारलं, तुला पुरायचं कसं? तर हा हसून म्हणतो, तुम्हाला वाटेल तसं, आधी मी हाती लागलो पाहिजे. वर्गात आम्ही हे मोठ्या कौतुकाने सांगायचो. आता वाटतं, त्या बायकांना कुणी विचारलं होतं का? कदाचित त्यांना ती आंघोळ घालायची असेल.

शेवटची इच्छा लिहून ठेवण्याबद्दल. महात्मा फुले २८ नोव्हेंबर १८९० ला गेले. आपल्याला मिठात घालून घरामागच्या जागेत पुरावं अशी त्यांची इच्छा होती आणि खड्डाही तयार होता. पण वस्तीत दफनाला नगरपालिकेने परवानगी दिली नाही, दहन करावं लागलं. टिटवं कुणी धरायचं यावर भाऊबंदांनी वाद घातला, कारण यशवंत दत्तक. तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतलं आणि त्या पुढे चालल्या, असं चरित्रकार सांगतात. १८९० मध्ये. बायकांनी स्मशानात यावं का, मुलीने अग्नी द्यावा का, असं आजही कुणी विचारलं की आम्ही हे सांगतो आणि पुढे बोलत नाही. विचारांनी वेगळ्या टोकाचे सावरकर. ते फेब्रुवारी १९६६ मध्ये गेले. त्यांनी लिहून ठेवलं होतं, विद्युतदाहिनीत दहन करा, हरताळ पाळू नका, पिंडाला कावळा शिवायची वाट पाहू नका. दहन त्याप्रमाणे चंदनवाडीच्या विद्युतदाहिनीत झालं. दोन्हींवरून एक साधी गोष्ट दिसते. इच्छा लिहायची तर होण्यासारखी लिहा, परवानगी लागत असेल तर जिवंतपणी चौकशी करा, आणि कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं.

आता एक-दोन प्रश्न घेऊ.

(प्रश्न : आजी गेली तेव्हा सहा वर्षांच्या नातवाला आम्ही 'देवाघरी झोपायला गेली' असं सांगितलं. आता तो रात्री झोपायला घाबरतो.)

घाबरणारच. त्याने तुमचं वाक्य अक्षरशः घेतलं. त्याला सरळ सांगा, आजी मेली. मेली म्हणजे तिचं शरीर बंद पडलं, ते दुखत नाही, ती परत येणार नाही. झोप वेगळी, झोपलेलं माणूस उठतं. हे एकदा सांगून भागत नाही, तो दहा वेळा विचारील, दहा वेळा तेच सांगा. आणि त्यालाही काहीतरी काम द्या. आजीच्या फोटोला फूल रोज त्याने आणावं.

(प्रश्न : सर, तुम्ही स्वतःसाठी काय लिहून ठेवलंय?)

विचाराल असं वाटलंच होतं. एक पान आहे, स्वयंपाकघरातल्या कपाटात, साखरेच्या डब्यामागे, मुलांना माहीत आहे. डोळे द्यावेत. मृत्यू मुंबईत झाला तरी मांडव्याला आणावं, आता रो-रो आहे, आणि नसली तर वडखळ आहेच. लाकूड कमी लागेल असं बघावं. अग्नी दोघांपैकी जो आधी पोचेल त्याने द्यावा. मुलगा येईपर्यंत थांबावं, तो 'थांबू नका' म्हणाला तरी. दहाव्याचं आम्ही काही लिहिलं नाही, ते त्यांचं काम. आणि खाली एक ओळ आहे ती आमच्या अक्षरात नाही. मुलीने मागच्या गणपतीत लिहिली : पहिल्या दिवशीचा पिठलं-भात शेजारून येईल, हॉटेलातून काही मागवायचं नाही. आम्ही ती ठेवली आहे.